शेखा मैथा यांच्या हाती ध्वज: खेळाडूचा मान की आडनावाचा?

वाटसरू (चर्चाप्रस्ताव): 2008 च्या बीजिंग ऑलिम्पिकच्या उद्घाटन संचलनात संयुक्त अरब अमिरातीचा ध्वज शेखा मैथा बिन्त मोहम्मद यांनी धरला होता. त्या दुबईचे शासक शेख मोहम्मद बिन राशिद अल मक्तूम यांच्या कन्या. तायक्वांदोच्या 67 किलो गटात त्यांना निमंत्रित खेळाडू म्हणून प्रवेश मिळाला आणि दोन्ही लढती गमावून त्या परतल्या. त्यांची चुलत बहीण शेखा लतीफा त्याच वेळी घोडेस्वारीत उतरली. अमिरातीच्या पहिल्या दोन्ही महिला ऑलिम्पिकपटू एकाच घराण्यातल्या असाव्यात, हा योगायोग मला पटत नाही. हा मान खेळाचा नसून आडनावाचा होता, असे माझे मत आहे.

अनुजा: आपण 2006 चे दोहा आशियाई खेळ वगळलेत. तेथे मैथा यांनी कराटेत, 60 किलोवरील गटाच्या कुमितेमध्ये (प्रत्यक्ष लढतीच्या प्रकारात), रौप्यपदक मिळवले होते. मात्र कराटेला ऑलिम्पिकचे दार 2020 च्या टोकियो ऑलिम्पिकपर्यंत बंदच होते, म्हणून त्यांना तायक्वांदोकडे वळावे लागले. हा बदल वाटतो तितका सोपा नाही. कुमितेमध्ये नियंत्रित फटका मारून लगेच मागे सरण्याची सवय अंगात मुरलेली असते आणि ठोशांवरही गुण मिळतात. तायक्वांदोत बहुतांश गुण लाथांचे असतात आणि चेहऱ्यावर ठोसा मारण्यास मनाई असते. शिवाय त्यांची पहिलीच लढत दक्षिण कोरियाच्या ह्वांग क्यूंग-सन यांच्याशी झाली, ज्यांनी त्या स्पर्धेत आणि पुढे 2012 मध्येही सुवर्ण जिंकले. दुसरी संधी मिळाली, तेव्हा समोर क्रोएशियाच्या सान्द्रा शारिच होत्या. त्यांनीही कांस्य मिळवले. अशा दोघींकडून हरण्यात कमीपणा कसला?

वाटसरू: हरण्याबद्दल माझी तक्रार नाही, त्या मॅटवर पोहोचल्या कशा, हा प्रश्न आहे. टोकियोत कराटेचे सुवर्ण इजिप्तच्या फेरियाल अब्देलअझीझ यांनी जिंकले, आणि त्या काही राजकन्या नव्हत्या.

दर्यासारंग: निमंत्रित जागा मुळातच लहान पथकांच्या देशांसाठी ठेवलेल्या असतात, त्यामुळे त्यांना वशिला म्हणणे अन्यायाचे आहे. सौदी अरेबियाच्या वोजदान शहरखानी 2012 मध्ये ज्युदोत अशाच प्रवेशावर उतरल्या आणि त्यांची लढत 82 सेकंदांत संपली. त्याच देशाच्या दुनिया अबुतालेब 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकसाठी तायक्वांदोत थेट पात्र ठरल्या. पहिलीमुळेच दुसरी घडली, असे मी म्हणणार नाही. पण पहिलीला प्रवेशच नाकारला असता, तर दुसरीचा मार्ग सोपा झाला असता काय? आणि राजघराण्याचाच मुद्दा असेल, तर अमिरातीचे आजवरचे एकमेव ऑलिम्पिक सुवर्ण 2004 मध्ये नेमबाजीत अहमद बिन हशर अल मक्तूम यांनी जिंकले. त्यांचे आडनाव कोणाला खुपत नाही!

कस्तुरी: सुवर्ण जिंकल्यावर कोण कशाला विचारील? मला मात्र वेगळी गोष्ट खटकते. शेख मोहम्मद यांनीच शमसा आणि लतीफा (वर उल्लेखलेली घोडेस्वार लतीफा निराळी) या आपल्या कन्यांचे अपहरण घडवून आणले, असा निष्कर्ष ब्रिटनच्या उच्च न्यायालयाने काढला आणि तो 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. शेख यांनी तो एकतर्फी ठरवला, हेही नमूद करते. तरीही ज्या घरात एका मुलीच्या हाती ध्वज दिला गेला आणि दुसरीला देश सोडू दिला गेला नाही, तेथील ध्वजधारणाला स्त्रीमुक्तीचे प्रतीक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अनुजा: प्रतीक म्हणून त्याचा कोणी किती उपयोग करून घेतला, याची चिकित्सा अवश्य व्हावी आणि ती दरबाराची व्हावी. परंतु पित्याचा हिशेब मुलीच्या लढतीत मांडणे मला मान्य नाही. दोहाच्या रौप्यपदकात आडनावाचा एकही गुण नव्हता.

वाटसरू: रौप्यपदक मान्य. ध्वजाबाबत माझे मत अजूनही तेच आहे.