मदत हवी आहे: गावची ३८ एकर शेतजमीन येलो झोनमध्ये घ्यायची नोटीस लागलीये, हरकत कशी लिहायची?

नमस्कार मंडळी. लातूरपासून १२-१३ किलोमीटरवर आमचं गाव आहे, लोकसंख्या २,४०० च्या आसपास. परवा ग्रामपंचायतीच्या बोर्डावर नोटीस दिसली, प्रादेशिक योजनेत (कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा सरकारी आराखडा) फेरबदल करून गावाच्या दक्षिणेची ३८ एकर जमीन "शेती विभागातून वगळून रहिवास विभागात समाविष्ट" (म्हणजेच येलो झोनमध्ये) करायचा प्रस्ताव आहे म्हणे, नगररचना अधिनियम १९६६ चं कलम २० लिहिलंय आणि हरकती-सूचना एक महिन्यात द्या म्हणून सांगितलंय. आमच्या नजरेला पडली तेव्हा त्यातले नऊ दिवस गेलेले होते. सोबत नकाशा लावलाय तो झेरॉक्सची झेरॉक्स, मूळ नकाशात हिरवा न् पिवळा रंग असणार पण इथं सगळंच राखाडी, गट नंबर वाचायलाच येईना. शेवटी मोबाईलवर फोटो काढून झूम केला आणि ओढ्याच्या वळणावरून आम्ही चौघांनी ओळखलं की जमीन कुठली.

ज्यांनी बिल्डरला जमीन दिलीये ते आमच्याच भावकीतले आहेत, त्यांच्यावर माझा राग नाही. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता अन् आम्ही आडतीवर चार-सव्वाचार हजाराने घालून आलो, तर माणूस जमीन विकणारच. पण बिल्डरचा माणूस पारावर बसून सांगायलाय की सात मजली बिल्डिंगा होणार, ६०० फ्लॅट. पाण्याचं विचारलं तर म्हणतो बोअर पाडू, नाहीतर टँकर आहेतच की.

हे ऐकल्यापासून मला रात्री झोप नाही. मी साधा हिशोब केला. एका फ्लॅटमध्ये चार माणसं धरली तर २,४०० माणसं, म्हणजे गावाशेजारी अजून एक तेवढंच गाव. शहरात माणशी रोज १३५ लिटर धरतात, म्हणजे रोजचे ३ लाख २४ हजार लिटर. आमच्या गावाला जलजीवनमधून माणशी ५५ लिटर धरलेत, म्हणजे १ लाख ३२ हजार, आणि तेवढंही उन्हाळ्यात मिळत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा पहिल्या खेपेला ५ लाख लिटर आलं होतं. ह्या एकट्या कॉलनीला तेवढं पाणी दीड दिवस पुरेल. त्या वर्षी आमच्या विहिरीवर माझी चुलती दोराला बादली बांधून बसायची, बादली भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची, खाली माझा भाऊ तांब्यानं झिरपा भरून बादलीत ओतायचा. ती विहीर ह्या ३८ एकराच्या बांधाला लागून आहे. वरचा मुरूम सोडला तर खाली सगळा काळा पाषाण, पाणी राहतं ते भेगांतच, तिथं पंधरा-वीस बोअर मारल्यावर आमच्या विहिरीचं काय होईल?

दुसरं म्हणजे ओढा. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाडाभर पूर आले तेव्हा ह्याच ओढ्याचं पाणी खालच्या सहा-सात शेतांत शिरलं, उभं सोयाबीन कुजलं. आता ३८ एकरावर सिमेंट झालं की वरचं पाणी कुठं मुरायचं? शिवाय सांडपाण्याचा एक शब्द नोटीसमध्ये नाही, ते ओढ्यातच येणार. रस्ता म्हणाल तर पाणंद आहे, समोरून ट्रॅक्टर आला की बैलगाडी बांधावर चढवावी लागते.

घरं नकोत असं आमचं म्हणणं नाही. गावठाणाला लागून घरं बांधा की. पण पाण्याची सोय न दाखवता भर शिवारात एवढी दाट वस्ती कशी काय मंजूर होऊ शकते?

मला विचारायचंय ते असं, हरकत साध्या कागदावर चालते का का वकिलाकडूनच लिहून घ्यावी लागते, आणि सगळ्या गावानं एकाच अर्जावर सह्या करायच्या का वेगवेगळे अर्ज द्यायचे? ग्रामसभेच्या ठरावाला काही वजन असतं का? माहिती अधिकारात प्रस्तावाची फाईल मागावी म्हणतो पण उत्तराला ३० दिवस आहेत, तोवर मुदतच संपतीये. कुणी ह्यातून गेलेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
दादा, मी एका नगररचनावाल्याकडं बरीच वर्षं ड्राफ्ट्समन होतो. वकील लागत नाही, साध्या कागदावर चालते. आधी राजपत्रातली तारीख बघा, बोर्डावर कधी चिकटवली त्यावर जाऊ नका, मुदतीच्या आठ दिवस आधीच द्या. एका अर्जावर दोनशे सह्या दिल्या तर ती एकच हरकत म्हणून नोंदवली जाऊ शकते, म्हणून ज्याचा बांध लागतो, ज्याची विहीर आहे, ज्याचं पीक बुडलं त्यानं आपापला अर्ज द्यावा, सातबारा जोडून, अन् शेवटी "मला सुनावणीत समक्ष म्हणणं मांडायचं आहे" हे लिहावंच. पोच घेतल्याशिवाय टेबलावरून उठायचं नाही. ठराव बंधनकारक नाही पण फाईलला लागतो, सही-शिक्क्याची नक्कल जोडा. माहिती अधिकार टाकूनच ठेवा, सुनावणीला कामाला येईल, पण नोटीसमध्ये नकाशा पाहायला कुठल्या ऑफिसात ठेवलाय ते लिहिलेलं असतं, तिथं उद्याच जा. आणि "आमचा विरोध आहे" एवढंच लिहू नका, तुम्ही वर जो पाण्याचा हिशोब केलाय तोच लिहा, पुराचे फोटो अन् पंचनाम्याची नक्कल लावा.

धागाकर्ता:
लई उपकार झाले दादा. पंचनाम्याचं डोक्यातच आलं नव्हतं, नुकसानीच्या वेळी तलाठ्यानं केलेला आहे, पाच शेतकऱ्यांकडं नक्कल असंल. आज रात्री देवळात बैठक बोलावलीये, उद्या दोघं जण नकाशा बघायला जातो. फक्त एक सांगा, चुलतीच्या नावावर सातबारा नाही, विहीर सामाईक आहे, तिनं वेगळी हरकत दिली तर घेतील ना?

प्रतिसाद:
घ्यायलाच पाहिजे. हरकत कुणीही देऊ शकतं, सातबारा असलाच पाहिजे असं नाही. विहिरीचा फोटो काढा, तारीख दिसंल असा, अन् त्यांना सुनावणीला सोबत घेऊन जा.