मदत हवी आहे: मेंदूच्या एमआरआयवर जवळजवळ प्रत्येक लीजनमध्ये (खराब झालेल्या ठिपक्यात) शीर दिसतेय, धरायचं का?

मल्टिपल स्क्लेरोसिस की मायग्रेनचे ठिपके, असा पेच आहे. मशीन 3 टेस्ला. सेंट्रल व्हेन साइनसाठी (लीजनच्या मधोमध शीर, ही स्क्लेरोसिसची खूण) एसडब्ल्यूआय (शिरा काळ्या दाखवणारी सिरीज) घेतलं: टीई (इको टाइम) 20 मिलिसेकंद, स्लाइस 2 मिमी. 8 स्लाइसच्या मिनिपवर (एकत्र केलेल्या प्रतिमेवर) 14 पैकी 13 लीजनमध्ये शीर. फ्लेअर (लीजन पांढरे दाखवणारी सिरीज) 3डी, 1 मिमी. आकडा संशय यावा इतका छान आहे. चुकतंय कुठे?

काळीरेघ:
मिनिपवर मोजलंत, तिथेच. 16 मिमी जाडीतला सर्वांत काळा बिंदू तो उचलतो. व्हेंट्रिकलकडे (मेंदूतल्या द्रवाच्या पोकळीकडे) जाणाऱ्या मेड्युलरी शिरा काही मिलिमीटरवर एकेक असतात. एवढ्या जाडीत लीजनच्या वर-खालची एखादी शीर त्याच्यावर पडणारच. मूळ स्लाइस उघडा.

पण मूळ 2 मिमीवरही निम्मंच काम होईल. शीर एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन प्रतलांत दिसायला हवी, एकात रेघ तर दुसऱ्यात ठिपका. 2 मिमी डेटा कोरोनलमध्ये फिरवला की ठिपक्याचा नुसता डाग होतो. 0.65 मिमी आयसोट्रॉपिक (तिन्ही दिशांना सारखं) टी-टू-स्टार 3डी-ईपीआय (हीही शिरा काळ्या दाखवते) मिळत असेल तर तेच घ्या. नसेल तर एसडब्ल्यूआयची स्लाइस 1 मिमी करा. वेळ दुप्पट लागेल आणि तरीही सिग्नल-नॉइज साधारण 30 टक्के घटेल, तयारी ठेवा. गॅडोलिनियम (काँट्रास्ट) द्यायचंच असेल तर ही सिरीज इंजेक्शननंतर लावा, शिरा ठळक येतात.

वोक्सेल_वेडा:
फ्लेअर-स्टार (फ्लेअर आणि टी-टू-स्टारची एकत्र प्रतिमा) करताना फ्लेअर टी-टू-स्टारच्या ग्रिडवर आणा, उलट नको. उलट केलं की बारीक शीर पुसट होते. रिजिड रजिस्ट्रेशन (आकार न बदलता सरकवून-फिरवून जुळवणं), मग दोन्हींचा गुणाकार. जुळणी व्हेंट्रिकलच्या कडेवर तपासा. 1 मिमी सरकलं तरी 4 मिमीच्या लीजनमधली मधली शीर काठावर जाते.

मोजताना 3 मिमीपेक्षा लहान, एकमेकांत मिसळलेले आणि दोन-तीन वेगळ्या शिरांचे लीजन आधीच बाद करा. मायग्रेनवाल्यांत बारके ठिपकेच जास्त, त्यामुळे इथे यादी बरीच आखडेल.

धागाकर्ता:
मूळ स्लाइसवर, बाद करून: 9 उरले, 4 मध्ये शीर. स्क्लेरोसिसच्या निदानाच्या 2024 च्या मॅकडोनाल्ड निकषांत बसतं का?

काळीरेघ:
नाही. तिथे शीर असलेले 6 लागतात; एकूण 10 पेक्षा कमी असतील तर शीर असलेले बहुसंख्य हवेत. 4 विरुद्ध 5 म्हणजे नकार, पण 2 मिमी डेटावरचा नकार मी रिपोर्टमध्ये लिहिणार नाही. 'अनिर्णित' लिहा, बारीक स्लाइसवर पुन्हा घ्या.

वोक्सेल_वेडा:
पुन्हा घेताना फेज इमेजही सेव्ह करा, पॅरामॅग्नेटिक रिमसाठी (काही लीजनभोवतीची लोहाची कड) लागते. फेजचं चिन्ह कंपनीगणिक उलटं असतं. एकीकडे शीर काळी, दुसरीकडे पांढरी. आधी पिनिअल ग्रंथीतलं कॅल्शियम बघा. रिम त्याच्या विरुद्ध रंगाची हवी. आणि काँट्रास्ट घेणाऱ्या ताज्या लीजनची रिम यात धरू नका, ती पुढे विरूही शकते.