अनोळखी माणसाने केलेली छोटीशी मदत: तुमचे अनुभव लिहा

मागच्या गुरुवारची गोष्ट. सिंहगड रोडवरून स्कूटीवर ऑफिसला चालले होते, ओढणी कधी मागच्या चाकात गेली कळलंच नाही, एक काका हॉर्न बडवत शेजारी आले आणि ओरडले "ओ बाई, ओढणी! जीव वर आलाय का?" थांबले तर निम्मी ओढणी चाकात. काकांनी स्वतःची गाडी बाजूला लावली, माझी स्टँडवर घेतली, चाक उलटं फिरवत फिरवत ओढणी सोडवली, हात काळेकुट्ट झाले, आणि ती अख्खी दहा मिनिटं मला बोलत होते. थँक्यू म्हणेपर्यंत गेलेसुद्धा.

घरी येऊन आठवत बसले की असं आपल्यासाठी अनोळखी लोकांनी काय काय केलंय आणि आपण किती केलंय. दुसरी यादी फारच छोटी निघाली. म्हणून हा धागा. घेतलेली, केलेली, फसलेली, सगळी मदत चालेल. देणग्या वगैरे मोठं काही नको.

—

25 सप्टेंबर 2019, रात्र. आंबील ओढ्याला पूर आला तेव्हा आम्ही अरण्येश्वरला तळमजल्यावर राहायचो. आधी बाथरूमच्या जाळीतून पाणी वर आलं, मग दारातून, पंधरा-वीस मिनिटांत गुडघ्याच्या वर. लाईट गेलेली. मी, बायको, आई आणि चार वर्षांचा मुलगा. शेजारच्या सोसायटीतल्या एका काकूंनी जिन्यातून बॅटरी मारली आणि "अहो बघत काय बसलात, वर या!" म्हणून अक्षरशः दरडावलं. त्यांच्या दोन खोल्यांत त्या रात्री आम्ही धरून अकरा माणसं. आईला कोरडी साडी दिली, मुलाला दूध, आणि सकाळी सगळ्यांना उपमा. त्याआधी त्यांच्याशी आमचं एकच बोलणं झालेलं, ते पण पार्किंगवरून भांडण.

आई त्या रात्री सारखी पानशेतचं सांगत होती. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं तेव्हा ती आठ वर्षांची, नारायण पेठेत घर, तिला कुणी उचलून पर्वतीकडे नेलं ते आजवर माहीत नाही. एवढंच आठवतं की त्या माणसाने धोतर खोचलं होतं आणि रडू नकोस म्हणून खडसावत होता.

साडी परत करायला गेलो तर काकू म्हणाल्या, इस्त्री करून आणायची होती.

—

वरचं वाचून हसू पण आलं आणि डोळ्यात पाणी पण. आमच्या गल्लीत पालखीच्या दिवसांत एक आजोबा दारात माठ ठेवायचे, वर पाटी, "पाणी पिण्यासाठी आहे. पाय धुण्यासाठी नळ मागे आहे. विचारू नये." पण मागे नळाजवळ बसायला स्टूल आणि तळपायाला लावायला खोबरेल तेलाची बाटली ठेवलेली असायची. त्याची पाटी नव्हती.

—

माझी फसलेली मदत. पीएमपीत एक गृहस्थ उभे होते, केस पांढरे, हातात पिशवी. मी उठून म्हणालो काका बसा. ते म्हणाले "का?" आता काय सांगणार? म्हटलं असंच. "मी रोज पर्वती चढतो. तुम्ही चढता?" बस हसायला लागली. मी स्वारगेटपर्यंत उभा, ते पण उभे, मधली सीट रिकामी, आणि शेवटी डेक्कनला चढलेला एक कॉलेजचा मुलगा त्यात आरामात बसून झोपला.

—

मी प्लेटलेट देतो, डेंग्यूच्या सीझनमध्ये हमखास फोन येतो. रक्तदान सगळ्यांना माहितीये पण याचं कमी माहितीये म्हणून जरा सविस्तर लिहितो. दान केलेल्या प्लेटलेट साधारण 5 दिवसच टिकतात, त्यामुळे भरपूर साठा करून ठेवता येत नाही, माणूसच लागतो. एका हाताला सुई, रक्त मशीनमधून फिरतं, प्लेटलेट काढून घेतात आणि बाकीचं रक्त परत तुमच्याच अंगात. तास-दीड तास लागतो. ओठांना मुंग्या येतात कधीकधी, सांगितलं की कॅल्शियमची गोळी देतात. आधीच्या दोन-तीन दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतली असेल तर चालत नाही, हे मी एकदा अर्ध्या वाटेत आठवून परत आलोय.

एकदा सोलापूरकडच्या एका बाईंच्या मुलासाठी दिल्या. मुलाला मी पाहिलंसुद्धा नाही. बाई बाहेर बाकावर बसून होत्या, मी निघालो तर पदरात बांधलेल्या दोन कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी हातात कोंबली. नको म्हणालो तर रागावल्या. गाडीवर बसूनच खाल्ली, आयुष्यात तशी भाकरी परत मिळाली नाही.

—

स्वारगेटला "पाकीट मारलं, गावाला जायला पैसे नाहीत" म्हणणाऱ्याला दोनशे दिले होते. दोन महिन्यांनी तोच माणूस, तेच पाकीट, मलाच विचारतोय. आता मी सांगतो चला, तिकीट काढून देतो. दहातले आठ सटकतात. उरलेल्या दोघांना काढून देतो.

—

नवले पुलाजवळ एक बाईकवाला पडलेला, पन्नास माणसं गोल उभी, निम्मी व्हिडिओ काढतायत. मी 108 ला फोन केला. शेजारचा म्हणतो कशाला भानगडीत पडता, पोलीस फेऱ्या मारायला लावतील. लोकांना अजून माहीत नाही. 2019 साली मोटार वाहन कायद्यात कलम 134-अ आलंय, मदत करणाऱ्यावर नाव सांगायची सक्ती नाही, पेशंटचं काही बरंवाईट झालं तरी चांगल्या मनाने मदत करणाऱ्यावर केस होत नाही. दवाखान्यातल्या काउंटरवरच्यालाही माहीत नव्हतं, माझ्याकडेच डिपॉझिट मागत होता. तिथे मी अस्सल सदाशिवपेठी आवाज लावला. पोरगा वाचला, पाय मोडला होता फक्त.

—

धागा काढणारी मी. सगळ्यांचं वाचतेय. काल ठरवून केलं. एका मुलाच्या गाडीचा साईड स्टँड खाली, कानात इअरफोन, मी ओरडतेय "दादा स्टँड! ओ दादा!" काही पत्ता नाही. त्याच्या मागे मागे माझं वळण सोडून थेट राजाराम पुलाच्या सिग्नलपर्यंत गेले, तिथे खांद्याला हात लावून सांगितलं, आणि का कोण जाणे, "लक्ष कुठे असतं रे?" पण म्हणून टाकलं.

थँक्यू काकू, म्हणाला. काकू!