मामंजींचं घड्याळ आणि १२४ ठोके

३०२ वैनी, ७:४८: सगळ्यांना नमस्कार. दिवाळीत ग्रुपवर मिळून नाडी मोजणारी जी घड्याळं मागवली त्याबद्दल बोलायचंय. काल व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरताना मामंजींच्या हातावर १२४ ठोके दाखवले. ते घाबरून कट्ट्यावर बसले, अंगाला दरदरून घाम. मला फोन आला तशी मी घरातल्या चपलांवर पळाले. रिक्षा, दवाखाना, ईसीजी. सगळं नॉर्मल. डॉक्टरांनी हातानं मोजले तर ७८.

१०१ आप्पा: आता बरे आहेत न्हवं? मी दारात आलतो, कुलूप होतं.

२०४ काका: घड्याळं परत करा, पैसे मागा. मी तेव्हाच म्हणालो होतो.

सेक्रेटरी: मी फक्त ऑर्डर गोळा केली. एक रुपयाचं कमिशन घेतलेलं नाही.

२०४ काका: कमिशनचं नाव कुणी काढलं? हिशेब मात्र अजून टाकलेला नाही. पार्किंगच्या पत्र्यांचाही नाही.

सेक्रेटरी: पत्र्यांचा विषय मीटिंगमध्ये झालाय. आपण आला नव्हता.

४०४ अक्का: सावकाश री. आधी आजोबांची तब्येत विचारा.

३०२ वैनी: बरे आहेत अक्का, पण घड्याळाकडे बघायलाच भ्यायलेत.

१०३ चा धाकटा: वैनी, ते १२४ ठोके नव्हते, बहुतेक पावलं होती. कॉलेजात आमचा प्रोजेक्ट यावरच होता. घड्याळाच्या पोटाला हिरवे दिवे असतात बघा. रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त जरासं वाढतं, परत येणारा उजेड जरासा कमी होतो. हा फरक एकूण उजेडाच्या एखाद-दोन टक्क्यांचा, कधी त्याहून कमी. पट्टा सैल असला तर हाताच्या हेलकाव्यानंच त्याच्या कितीतरी पट फरक पडतो. भरभर चालणाऱ्याची मिनिटाला १०० ते १३० पावलं पडतात, हातही त्याच तालात हलतो. घड्याळ त्या तालालाच नाडी समजतं.

१०१ आप्पा: आत्ता कळलं! एकादशीला भजनात टाळ वाजवताना मला १४० दाखवलं. मला वाटलं पांडुरंगाची कृपा.

२०१: आप्पा, कृपा मोजायचं वेगळं घड्याळ येतं 😄

२०४ काका: घड्याळं परत करा, पैसे मागा.

३०२ वैनी: हसण्यावारी नेऊ नका ओ. कंपनीला हे ठाऊक नसतं का?

१०३ चा धाकटा: ठाऊक असतं. हाताची हालचाल मोजणारा सेन्सर आत असतो, तेवढी गडबड वजा करतात. पण पावलांचा आणि ठोक्यांचा वेग जवळजवळ आला की वेगळं काढणं अवघड जातं. दिवा क्षणभर विझवून नुसता बाहेरचा उजेडही मोजतात, तोही वजा होतो. डेपोत मात्र झाडांतून सारखं ऊन-सावली, त्यात पट्टा सैल. शिवाय थंडी. थंडीत कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, मुळातली ठोक्याची खूणच बारीक होते. मामंजींचा पट्टा कसा असतो?

३०२ वैनी: आत्ताच बघून आले. बोट सहज आत जातंय. घड्याळ बरोबर मनगटाच्या हाडावर, हात हलवला की डुलतं. पोटाकडच्या काचेवर खोबरेल तेलाचा पांढरट थर, नखानं खरवडला तर निघाला. वाटताना कुणी एक शब्द सांगितला असता तर?

सेक्रेटरी: डब्यात माहितीपत्रक होतं.

३०२ वैनी: इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. मामंजी मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेत. आपण घरोघरी फिरून डबे दिलेत, त्याचे आभारच आहेत. दोन मिनिटं थांबला असता तर बरं झालं असतं.

सेक्रेटरी: हे मान्य. चुकलं.

२०३ ताई: तीस वर्षं नर्स होते म्हणून बोलते. कालचं पळणं चुकलं नाही. छातीत दुखणं, घाम, धाप यातलं काही असेल तर आकडा काही का असेना, दवाखाना गाठायचा. काही होत नसेल आणि नुसता आकडाच वाढलेला दिसला तर बसा. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेवा, अंगठा ठेवू नका, त्याची स्वतःची नाडी लागते. ठोके चुकत असतील तर पुरा एक मिनिट मोजा.

२०४ काका: तरी मी म्हणतो, परत करा.

४०४ अक्का: काका, तुमचं तर खोक्यातच आहे न्हवं?

(दुसरा दिवस)

३०२ वैनी, ७:१०: आज काच पुसली, मनगट साबणानं धुतलं. पट्टा हाडापासून दोन बोटं वर, एक भोक घट्ट, स्वेटरच्या बाहीखाली. घरातच पाच मिनिटं येरझाऱ्या घातल्या, हात गरम झाल्यावर बाहेर पडलो. दुसऱ्या गेटापर्यंत चालताना ९६. तिथं थांबून मिनिटभरानं घड्याळ ८८, मी बोटांनी मोजले ८७. मामंजींनी स्वतःही मोजले. परत येताना एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही.

१०१ आप्पा: माझं पण बांधून दे की बाई.

सेक्रेटरी: ज्यांनी घेतलीत त्या सगळ्यांसाठी मराठीत आणि कन्नडमध्ये मोठ्या अक्षरात कागद लावतो लिफ्टजवळ. कन्नड अक्कांनी बघावं. हिशेब संध्याकाळी टाकतो, पत्र्यांचाही.

४०४ अक्का: होय री, पाठवा.

३०२ वैनी: आप्पा, उद्या साडेसहाला खाली या. तेल लावायच्या आधी.