अंग गरम, हात मात्र गार: थंडीत धावणाऱ्यांनो, अनुभव लिहा

पहाटवारा

काल कपाट आवरताना जुने लोकरीचे मिटन सापडले, अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असतात तसले. हातात घातले आणि तो सगळा हिवाळा आठवला. धावून परत आलं की कुलुपात किल्ली घालता यायची नाही. किल्ली बोटांत आहे हे दिसायचं, पण जाणवायचं नाही. मग ती दोन्ही तळव्यांत दाबून धरायची आणि मनगटं वळवून कुलूप उघडायचं. पाठ घामाने निथळतेय आणि बोटं लाकडासारखी! आत आल्यावर तर खरी परीक्षा. रक्त परत फिरायला लागलं की अशा कळा यायच्या, डोळ्यांत पाणीच.

असं कोणाकोणाला होतं? काय करता? लहानशी युक्ती असली तरी लिहा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

धावरी

मला!! किल्लीचं अगदी अगदी. माझं बुटांच्या नाडीचं तसंच, लेक सोडून देते. धुणं वाळत घालायचंय, नंतर लिहिते.

दोन_थर

मिटनच. बोटं एकमेकांना ऊब देतात, वाऱ्याला उघडा भाग कमी मिळतो. आत पातळ लोकरी हातमोजे, वरून वारा अडवणारं मिटन. अंग तापलं की वरचं काढून कमरेला खोचायचं. सुती नको, घाम धरून ठेवतं. आणि घट्ट तर मुळीच घेऊ नका. आत थोडी हवा राहिली तरच ऊब टिकते, आवळून बसलं की रक्तच नीट पोचत नाही.

रानपाखरू

मिटन घालून फोन कसा वापरता पण? घड्याळाचं बटणही दाबलं जात नाही.

दोन_थर

आतले हातमोजे बोटांच्या टोकाला वीजवाहक धागा विणलेले घ्या, स्क्रीनला कळतं. फोन मात्र आतल्या खिशात, अंगालगत. थंडीत बॅटरी भराभर उतरते.

रानपाखरू

तरीच माझा भर रस्त्यात बंद पडतो! घरी आणून गरम झाला की परत चालू. मला वाटलं नवा घ्यावा लागणार. वाचवलंत.

शुश्रूषा

रात्रपाळीहून आलेय, झोपायच्या आधी थोडं लिहिते, कारण हे कळलं की उपाय आपोआप सुचतात. हृदय, मेंदू वगैरे ३७ अंशांच्या आसपास ठेवणं हे शरीराचं पहिलं काम. थंडी लागली की ते हातापायांच्या कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. त्यात बोटांमध्ये स्नायू जवळपास नाहीतच. बोटं हलवणारे मोठे स्नायू कोपर ते मनगट या भागात. (आत्ता मूठ उघडझाप करा आणि दुसऱ्या हाताने तो भाग चाचपून बघा, हलताना लागतील.) म्हणजे पाय धावताना स्वतः तापतात, बोटं तापत नाहीत, रक्ताबरोबर येईल तेवढीच ऊब. हातमोजा ऊब तयार करत नाही, असलेली राखतो.

म्हणून हात गारठत असतील तर आधी छातीवर एक थर वाढवा, कान झाकणारी टोपी घाला, मनगटं उघडी ठेवू नका. आणि हात घरातच गरम करून, मोजे घालून मगच दार उघडा. बाहेर पडल्यावर, गार झालेल्या हातांवर मोजे चढवून फार काही होत नाही.

पहाटवारा

शुश्रूषाताई, मनापासून आभार. मनगटांचा विचारच कधी केला नव्हता. झोपा आता.

जुना_भिडू

साधा उपाय. थांबायचं, हात सरळ सोडायचा आणि खांद्यातून मोठे मोठे गोल फिरवायचे, जोरात. रक्त बोटांच्या टोकापर्यंत ढकललं जातं. लोक बघतात, बघू देत.

धावरी

जुना_भिडू दादा, आमच्या गल्लीतल्या कुत्र्याला तुम्ही त्याला मारायला आलात असं वाटेल 😄

जुना_भिडू

कुत्र्याशी आधी ओळख करून घ्यायची!

सावलीतली

मी थोडं वेगळं लिहितेय. माझी बोटं नुसती गार पडत नाहीत. मधली दोन बोटं पेरापासून टोकापर्यंत खडूसारखी पांढरी होतात, आणि पांढरा भाग जिथे संपतो तिथे दोरा बांधल्यासारखी स्पष्ट रेघ दिसते. मग निळसर, मग लाल आणि ठणका. फ्रीजमधून काही काढलं तरी होतं. कित्येक वर्षं सगळे म्हणायचे, नाजूक आहेस. शेवटी डॉक्टरांनी नाव सांगितलं, रेनॉ. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्येच याचं वर्णन लिहून ठेवलंय. नाव कळलं त्या दिवशी मला किती हलकं वाटलं, काय सांगू.

मी धावणं सोडलेलं नाही. मिटनमध्ये गरम होणाऱ्या पुड्या ठेवते, लोखंडाच्या बारीक चुऱ्याच्या. हवा लागली की लोखंड गंजतं आणि त्यातून उष्णता निघते. म्हणून निघायच्या बऱ्याच आधी पाकीट फोडायचं, हलवायचं, थोडी हवा खाऊ द्यायची. लगेच मिटनमध्ये कोंबली तर तापतच नाही. उघड्या कातडीला लावायची नाही, मध्ये पातळ मोजा हवाच. कोणाची बोटं अशी पांढरी पडत असतील तर दाखवून घ्या. बहुतेकदा साधं असतं, पण कधीकधी मागे दुसरा आजार असू शकतो.

धावरी

सावलीतली ❤️ "नाजूक" हा शब्द मीही फार ऐकलाय. तरीही धावतेस, फार बरं वाटलं वाचून.

शुश्रूषा

उठले! सावलीतलीने फार नेमकं लिहिलंय. त्यात भर: सिगारेटने हे वाढतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही वाढू शकतं, पण गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

आणि जिथे तापमान शून्याच्या खाली जातं तिथल्यांसाठी: बोट पांढरं किंवा राखाडी, मेणासारखं टणक आणि बधिर झालं तर चोळायचं नाही. शेकोटी, हीटर यांच्यासमोर धरायचं नाही, बधिर बोटाला भाजलेलं कळत नाही. पुन्हा गोठायची शक्यता असेल तर बाहेर असताना वितळवूच नका. आत आल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे कोमट पाण्यात ठेवा आणि दवाखाना गाठा.

नवखा

हिमदंश वगैरे नाही, साधा पाऊस आणि वारा. तरी हात पार जातात माझे. असं का?

दोन_थर

ओलं वाईटच. पाणी हवेपेक्षा पंचवीसेक पट वेगाने उष्णता ओढतं. २०१८ ची बॉस्टन मॅरेथॉन आठवा, तापमान शून्याच्या वरच होतं, पण गार पाऊस आणि समोरून वारा. भलेभले धावपटू मध्येच थांबले. डेझिरे लिंडेन आणि युकी कावाउची जिंकले ती. पावसात लोकरी हातमोज्यांवर जलरोधक मिटन घाल आणि कोरड्या मोज्यांची जोडी पिशवीत बांधून ने. पायमोजेसुद्धा चालतात हातात, खरंच सांगतो.

नवखा

पायमोजे करून बघतो. धन्यवाद दादा.

रानपाखरू

नाक कशाने पुसता सगळे?

धावरी

मोज्याच्या अंगठ्याच्या पाठीला टॉवेलचा तुकडा शिवलाय मी. धुवायला सोपं. आणि पहाटवारा, ते मिटन हाताने विणलेले आहेत का? अंगठ्याच्या फाट्याशी माझ्या विणकामाला नेहमी भोक राहतं.

पहाटवारा

हो, आत्याने विणलेत. तिला विचारून सांगतो. बहुतेक ती तिथे दोन टाके जास्तीचे उचलते आणि पुढच्या फेरीत कमी करते.

धावरी

विचारा ना प्लीज. लोकर आणून ठेवलीय.