स्कडर अर्ध्यावर सोडू नका

अमेरिकन लेखक लॉरेन्स ब्लॉकची मॅथ्यू स्कडर ही गुन्हेकथांची मालिका फार काळीकुट्ट वाटली म्हणून काही जण पहिल्याच पुस्तकावर (१९७६) थांबतात. काळीकुट्ट आहेच, पण खरा स्कडर पुढे भेटतो.

न्यूयॉर्कचा हा माजी पोलीस. त्याने झाडलेली गोळी उसळून एका लहान मुलीचा जीव जातो. ठपका येत नाही, तरी तो नोकरी सोडतो, बायकामुलांपासून दूर हॉटेलच्या खोलीत राहतो. खासगी गुप्तहेराचं लायसन्स नाही, तरी लोकांसाठी तपास करतो. पैसे हातात आले की दहावा हिस्सा वाटेत लागेल त्या चर्चच्या पेटीत टाकतो, फारशी श्रद्धा नसताना! मला खुनांपेक्षा हेच जास्त अस्वस्थ करतं.

'एट मिलियन वेज टू डाय' (१९८२) नक्की वाचा. तपास चालू असतो, आणि आजचा दिवस दारूशिवाय निघेल का, हा ताण त्याहून मोठा. व्यसनमुक्तीच्या बैठकीत बोलायची पाळी आली की तो नाव सांगतो आणि आज नुसतं ऐकतो म्हणतो. पुन्हा पुन्हा तेच. शेवटच्या पानाबद्दल काही सांगत नाही.

'अ डान्स अॅट द स्लॉटरहाउस' मात्र एवढ्यात नको, त्यातली हिंसा खरंच झेपत नाही.