मदत हवी आहे: काचेच्या जुन्या बरण्यांची किंमत कशी ठरवायची?

परभणीच्या मोंढ्यातलं आमचं किराणा दुकान रिकामं करतोय. माळ्यावर काचेच्या अकरा बरण्या निघाल्या. दहा गोळ्या-बिस्किटांच्या, पत्र्याच्या झाकणाच्या. एक मात्र वेगळी: फिकट निळसर, जस्ताचं फिरकीचं झाकण, अंगावर उठावाच्या इंग्रजी अक्षरांत ‘मेसन्स पेटंट, नोव्हेंबर ३०, १८५८’. म्हणजे अमेरिकेतली, फळं-भाज्या टिकवायची. १८५८ हे पेटंटचं साल, बनवल्याचं नव्हे, आणि तीच अक्षरं पुढे कित्येक वर्षं येत राहिली, नकलाही निघाल्या, एवढं वाचलंय. तेव्हा ‘दीडशे वर्षांची, सोनं आहे’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्या.

या निळ्या बरणीवर साच्याची रेघ (साच्याचे भाग जुळतात तिथे उमटणारी) काठाच्या खालीच थांबते. काठ घासून सपाट केलेला, बोटाला खरखरीत लागतो. एका जागी बारीक टवका उडालाय. तळाला नुसता आकडा, कारखान्याचं नाव नाही.

भंगारवाला किलोवर मागतोय. संभाजीनगरच्या एका जुन्या वस्तूवाल्याने फोटो बघून सगळ्यांचा मिळून एक आकडा सांगितला, पण कशाचे किती ते फोडून सांगेना. ईबेवरचे डॉलरमधले भाव इथे काय कामाचे? कुरिअरने पाठवायचा धीर होत नाही. धुतलेल्या नाहीत, आतला पांढुरका थर तसाच ठेवलाय.

निळी बरणी वेगळी विकावी की सगळा लॉट एकत्र? विकण्याआधी थर काढला तर किंमत घटते का? आणि मराठवाड्यात, फार तर पुण्यापर्यंत, बरणी हातात घेऊन भाव सांगणारं खात्रीचं कोणी आहे का?